नेट पितंय कोण?

महिना अर्धाही सरला नव्हता आणि बाईंच्या मोबाईलवर पुन्हा तोच निरोप आला. डेटाची मर्यादा संपली, यापुढे वेग कमी राहील.

पाठोपाठ जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दारात वरच्या खोलीतली भाडेकरू मुलगी उभी. चेहरा उतरलेला.

“काकू, नेट पुन्हा मेलं! शिकवता शिकवता समोरचं पोर तोंड उघडून तसंच थिजलं. त्याची आई म्हणाली, असंच चाललं तर दुसरी बाई बघू.”

मुलगी अडखळत बोलणाऱ्या पोरांना लॅपटॉपवरून बोलायला शिकवायची. वेग गेला की तिचं पोट गेलं. नेटची जोडणी खाली बाईंच्या घरात. वर-खाली मिळून एकच.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांची सगळी नोकरी परीक्षेच्या वर्गांवर पहारा देण्यात गेली होती. बाकाखालची चिठ्ठी त्यांना पाठमोऱ्या असतानाही दिसते, असं पोरं म्हणायची.

“सिनेमे कोण बघतं गं एवढे?”

“मी नाही हो. काकू, वेग म्हणजे नळाची तोटी आणि मर्यादा म्हणजे टाकी. आपली टाकीच रिकामी होतेय. कुठला नळ उघडा राहतो ते बघायला हवं.”

“मला शिकवू नकोस. मग काय, भुतं पितात का नेट?”

मुलगी गप्प झाली. आतल्या खोलीतून शिलाई मशीनची घरघर तेवढी येत होती. खिडकी उघडी असावी.

गप्प बसतो तो चोर, हा बाईंचा जुना आडाखा. त्यांनी निकाल देऊन टाकला.

“पुढचा महिना माझ्या नेटशिवाय काढ. टाकी भरलेली राहिली, तर सामान बांधायचं.”

नवा महिना लागला तसा बाईंनी पासवर्ड बदलला. आपल्या मोबाईलमध्ये घातला. मग त्यांचे पती टॅब घेऊन आले. ते घड्याळजी. नोकरदार बायकोचा डबा आणि घड्याळांची दुरुस्ती, दोन्ही त्यांनी जन्मभर सांभाळलं. आतल्या खोलीतल्या त्यांच्या टेबलाकडे बाईंना मज्जाव होता. झाडू लागला की बारीक स्प्रिंगा उडतात म्हणे. त्यांच्या जाड बोटांना टॅबवरची अक्षरं सापडत नसत.

“लवकर घाल गं.”

“एवढी घाई? कोणाशी बोलायचंय?”

“बोलायचं कुठं काय? घाल तू.”

बाईंनी घातला.

मुलगी रोज लॅपटॉप बगलेत मारून गावाच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीकडे जाऊ लागली. जाताना दारातून “येते काकू” म्हणायची. बाई वर बघत नसत.

आणि महिना अर्ध्यावर यायच्या आत निरोप आला. मर्यादा संपली.

पोरीकडे पासवर्ड नव्हता. त्यांचा स्वतःचा मोबाईल दिवसभर फडताळावर पडून असे. घरात उरलं कोण?

त्या आतल्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. घड्याळजी भिंग डोळ्याला लावून वाकले होते. मशीनची घरघर चालू होती. खिडकी मात्र घट्ट बंद होती.

“अहो, शेजारी कोणी शिवतं का?”

“छे. त्यांना बटण लावता येत नाही.”

“टॅबवर काय बघता तुम्ही?”

“काही नाही. माझी नजर या चाकावर.”

“मग बोलता कोणाशी?”

“सकाळी धाकट्या बहिणीशी दोन शब्द. तिचे यजमान गेल्यापासून घर खायला उठतं तिला.”

“दोनच शब्द?”

“मग! बोलणं वाढलं की खर्च वाढतो, एवढं कळतं मला. नंतर दिवसभर दोघंही तोंड मिटून आपापलं काम करतो.”

“दिवसभर,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढे होऊन उघडी घड्याळं हलकेच बाजूला केली. मागे टॅब उभा होता. त्यात दूरच्या गावची नणंद मान खाली घालून कापड शिवत होती, चित्र अडकत अडकत.

बाई स्टुलावर टेकल्या.

“जुन्या फोनला बोलण्याचं मोजमाप होतं. इथं चित्र मोजतात. तुम्ही मुके बसलात तरी तुमची घड्याळं तिकडे जातात आणि तिची मशीन इकडे येते, क्षणाक्षणाला. हा उघडा नळ. ही घरघर मी त्या दिवशीही ऐकली होती. पोरगी इतके दिवस बाहेर राहिली, तरी टाकी रिकामी. म्हणजे चोरी घरातली.”

घड्याळजींनी भिंग काढलं. “मला काय ठाऊक गं. गप्प बसायला काय लागतं, असं वाटलं.”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला तिनं सांगितलं होतं. नळ शोधा म्हणाली होती. मी कुलूप बदललं आणि किल्ली माझ्याच हातानं तुम्हाला दिली.”

मशीन थांबली.

“वहिनी,” टॅबमधून आवाज आला, “सगळं ऐकलं मी. त्या पोरीला घालवू नका. मीच बंद करते. दादाच्या घड्याळांची टिकटिक आली की घरात माणूस आहे असं वाटतं, म्हणून चालू ठेवायचे.”

“बंद करू नकोस,” बाई म्हणाल्या. “चित्र तेवढं झाकू. आवाज फार थोडं पितो.”

त्यांनी कॅमेऱ्याच्या खुणेवर बोट दाबलं, नणंदेला तेच करायला सांगितलं. पडदा काळा झाला. थोड्या वेळानं घरघर पुन्हा सुरू झाली.

बाई जिना चढल्या. मुलगी आत्ताच परतली होती. खाटेवर बॅग उघडी होती, पुस्तकं भरून झालेली.

“नेट पिणारी तू नव्हतीस,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे, काकू.”

“तो मुलगा? शिकतोय ना?”

“त्याच्या आईनं दुसरी बाई बघितली. एवढ्या लांबून वेळ साधेना मला.” तिनं बगलेतला लॅपटॉप खाली ठेवला. “माझं नाव न अडखळता घ्यायला लागला होता.”

चिठ्ठीवाल्या पोरांना वर्गाबाहेर काढताना बाईंची जीभ कधी अडली नव्हती. आता त्यांनी तोंड उघडलं.

“मी… मी तुला… म्हणजे मी…”

पुढचा शब्द येईना. मुलीनं खाटेवरची बॅग खाली ठेवली, त्यांना बसायला जागा केली आणि शिकवताना म्हणायची तसंच म्हणाली,

“सावकाश, काकू. आधी श्वास घ्या. मला घाई नाही.”