सुगंधाबाईचं माहेर

गिरधर पहिल्यांदा आमच्या दारात आला, तेव्हा माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. त्याच्या बैलगाडीत केळीच्या पानांवर एक पांढरा ससा बसला होता आणि माझ्याकडे टक लावून बघत होता. गिरधरही बघत होता, हे मला फार नंतर कळलं.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पूजेसाठी नशिराबादहून केळीचे घड मागवले होते. आमच्या जळगावच्या घरात उंबऱ्याशी झुंबरआत्या ज्वारी मोजत होती. सशानं गाडीतून उडी मारली, ओट्यावर आला, ज्वारीनं भरलेलं माप पायानं लवंडलं आणि घरात गेला.

आत्याचा हात थांबला.

"इनं माप ओलांडलं," ती म्हणाली. "उजव्या पायानं."

ससा नव्हे, सशीण आहे, हे गिरधरनं सांगितलं. आत्याला ते आधीच पटलं होतं. भुसावळच्या एका गोऱ्या रेल्वे-गार्डाची बदली झाली, जाताना तो ही सशीण गिरधरला देऊन गेला होता. ती इथं चुकून घुसली, आता घेऊन जातो, असं तो अजिजीनं सांगू लागला.

"माप ओलांडलेल्या सुनेले कोनी परत नेतं का?" आत्या म्हणाली.

आई गेल्यापासून घर आत्या चालवत होती. तिचा शब्द नानाही मोडत नसत. रीतीप्रमाणे सुनेचं नाव बदललं. गार्डानं ठेवलेलं नाव तसंही कुणाला उच्चारता येत नव्हतं. ती सुगंधाबाई झाली. सुनेचा नवरा कोण, हे कुणी विचारलं नाही. आमच्या घरात मुलगाच नव्हता, पण ज्वारी निवडायच्या गडबडीत तेवढा तपशील राहून गेला.

सून म्हटल्यावर ती उंबऱ्याबाहेर जाणार नाही, हे ओघानंच आलं.

त्या हिवाळ्यात गिरधर दर बाजाराला येऊ लागला. सुगंधाबाईसाठी हिरव्या गवताची पेंढी आणायचा आणि ओट्याच्या कडेला बसायचा. त्याच्या कानामागे कधी केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, धागा चिकटलेला असायचा. मला तो काढावासा वाटायचा... पण आत्या समोरच असायची. मी पाण्याचा तांब्या पुढे करायची. तो तांब्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणायचा – नको. लेकीच्या सासरचं पाणी माहेरच्या माणसानं पिऊ नये. आत्याला हे फार आवडलं. तो मात्र चार कोस तहानलेला परत जायचा.

आमचं भांडण एकाच गोष्टीवर व्हायचं.

"तिला बाहेर न्यायला पाहिजे," तो म्हणायचा. "माती उकरल्याशिवाय तिची नखं झिजत नाहीत."

"बाहेर घार आहे. कुत्री आहेत. ऊन आहे."

"आणि घरात काय आहे?"

"मी आहे."

मी हे सशिणीबद्दल बोलले होते. निदान सुरुवात तरी तशीच केली होती.

चैत्र लागला आणि सुगंधाबाईनं खाणं टाकलं. नखं वाकडी झाली, गुळगुळीत फरशीवर पाय घसरायचे. खाटेचा पाय कुरतडायचंसुद्धा तिनं सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची.

त्याच आठवड्यात नात्यातले शालिग्रामभाऊ माझ्यासाठी धुळ्याचं स्थळ घेऊन आले. मुलगा कचेरीत, घर माडीचं. "सुनेला उंबरा ओलांडायचं कामच नाही," ते कौतुकानं म्हणाले, "नळ थेट घरात आहे." नाना खूश झाले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की धुळ्याची मंडळी सुपारी फोडायला येणार, असं ठरलं. मी सुगंधाबाईकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. भिंतीत बघण्यासारखं काय असतं, ते त्या दिवशी मलाही दिसू लागलं.

पुढच्या बाजाराला मी गिरधरला दोन्ही सांगितलं. आधी सशिणीचं. मग माझं. तो बराच वेळ गवताची काडी मोडत राहिला.

"धुळ्याला काय आहे?" त्यानं विचारलं.

"नळ."

त्यानं मान हलवली. तांब्याकडे न बघताच उठला आणि गेला. मला वाटलं... जाऊ दे, काय वाटलं ते.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळीच आमच्या दारात दमणी थांबली. बैलांची शिंगं रंगवलेली, गाडीत ओल्या गोणपाटाची सावली केलेली. नवा फेटा बांधून गिरधर उतरला आणि आत्याच्या पाया पडला.

"आक्का, आखाजीले लेकी माहेरी जातात," तो म्हणाला. "मी सुगंधाबाईले न्यायले आलो."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. फेट्याकडे पाहिलं. त्यानं आणलेल्या सांजोऱ्यांच्या टोपलीकडे पाहिलं. माहेरी न्यायला मुऱ्हाळी दारात आलेला असताना आखाजीला सुनेला अडवणारी सासू म्हणून नाव निघणं तिला परवडणारं नव्हतं. नाना काही बोलू पाहत होते, पण आत्या कुंकवाचा करंडा आणायला आत गेली होती.

सुगंधाबाईची ओटी भरली. ओटीतले दोन गहू तिनं तिथंच खाल्ले. कित्येक दिवसांत तिनं तोंडात घातलेलं तेवढंच. मग आत्याच्या ध्यानात आलं की सून एकटी कशी पाठवायची, सोबत पाठराखीण हवी. "कुंदा जाईल," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आन् कुंदासोबत मी."

नशिराबादला गिरधरच्या आईनं सशिणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. हसली नाही. ते घर मला तेव्हाच आवडलं.

दुसऱ्या दिवशी, उन्हं वर यायच्या आत, आम्ही केळीच्या बागेत गेलो. बाहेर वैशाख होता. बागेला ते कुणी सांगितलंच नव्हतं. पानांच्या छतातून उजेड हिरवा होऊन गळत होता. मोटेचं पाणी पाटातून झुळझुळत येत होतं, आणि दूर लिंबाखाली झोक्यांवर बायका गात होत्या.

"घार?" मी विचारलं.

"पानांत पंख अडकतात तिचे. इथं उतरत नाही."

"कुत्री?"

"भोवती काटेरी कुंपण आहे. परवा घातलं."

परवा घातलं... मी त्याच्या हातांकडे पाहिलं. ओरखड्यांनी भरले होते.

मी सुगंधाबाईला खाली ठेवलं. ती ताठ बसून राहिली. बराच वेळ. मग तिनं एक पाय ओल्या मातीत दाबला. दुसरा. आणि एकाएकी दोन्ही पायांनी माती उकरू लागली, थांबली, हवेत उडाली, उडता उडता अंग पिळून वळली आणि केळीच्या खोडाशी गवत कुरतडू लागली. मला रडू आलं. म्हणून मी पाटात पाय सोडून बसले, म्हणजे ओलं काय झालंय ते कळू नये.

मी ओंजळभर पाणी घेतलं. "इथं पाणी चालतं ना तुम्हाला?"

"इथं चालतं."

तो वाकला आणि माझ्या ओंजळीतून प्यायला. सगळ्या हिवाळ्याची तहान होती; वेळ लागला. कानामागे सोपटाचा धागा होता. मी काढला.

"कुंदा," तो खाली बघतच म्हणाला, "हिचं माहेर... तुमचं सासर झालं, तर चालेल का?"

मी पाटातून पाय बाहेर काढले.

"बाहेर सोडाल का मला?"

"सकाळ-संध्याकाळ. दुपारी ऊन असतं."

"आणि दुपारी काय करायचं?"

"दुपारी... मी पण घरातच असतो."

केळीच्या पानांआडून आत्याचा आवाज आला. ती किती वेळ तिथं होती कोण जाणे.

"त्यांची पोरगी आपुन घेतली," ती जणू पानालाच सांगत होती. "आता आपली त्यांले द्या लागीन. साटंलोटं हाये. धुळ्याले काय सांगायचं ते मी नानाले सांगते."

ज्येष्ठात लग्न झालं. गिरधरच्या उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं होतं. मी उजवा पाय उचलला, तेवढ्यात घरातून सुगंधाबाई धावत आली, माप लवंडलं आणि बागेकडे निघून गेली.

सगळे पाठराखीण म्हणून आलेल्या आत्याकडे बघू लागले. आत्यानं थोडा विचार केला.

"ती बाहीर गेली," ती म्हणाली. "तू आत ये."