रिओ प्रिएतोची टेप

शेजारच्या रिओ प्रिएतोच्या संघाचा हिरवा शर्ट घालून भर शनिवारी पाल्मिता गावात यायचं, म्हणजे माणूस एक तर वेडा असला पाहिजे नाहीतर फार भुकेला. दोन्या कार्मिनच्या टपरीसमोर रांगेत उभा असलेला तो उंच तरुण यातला नेमका कोणता, हे त्याच्या मागे उभ्या असलेल्या यारित्साला ठरवता येईना.

"अल्कापुरिया संपल्या," दोन्या कार्मिन त्याच्याकडे न बघताच म्हणाली.

"मग या टोपलीतल्या?"

"त्या विकायच्या नाहीत. शोभेच्या आहेत."

तेवढ्यात समुद्रावरून सर आली आणि सगळी रांग पत्र्याखाली एकमेकांना चिकटली. यारित्साने हात लांब करून खेकडा भरून तळलेल्या चार अल्कापुरिया घेतल्या आणि त्यातल्या दोन कागदासकट त्याच्या हातात ठेवल्या. खेकड्याचा गरम वास दोघांच्या मधोमध दरवळला.

"घ्या. आमच्या गावात उपाशी मेलात, तर रिओ प्रिएतोवाल्यांना तक्रारीला आणखी एक विषय मिळायचा."

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल आत जात होता... हे तिने बघायला नको होतं, पण बघितलं.

"शर्ट मुद्दाम नाही घातला," तो म्हणाला. "हाताला लागला तो चढवला. मी एदगार्दो. इथे जुन्या व्हिडिओ टेपा साफ करून देणारं कुणीतरी आहे म्हणे. म्हातारं असणार. जाड चष्मा, पांढरे केस—"

यारित्साने पिशवीतून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. "केसांना अजून वेळ आहे. टेप कुठाय?"

तिचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. लोकांची लग्नं, बाप्तिस्मे, पोरींचे पंधरावे वाढदिवस, असं सगळं त्या दमट बेटावर बुरशी खात पडलेलं असायचं. ती कापसाच्या बोळ्याने एकेक वीत पुसून ते पुन्हा जिवंत करायची. दुसऱ्यांची एवढी लग्नं पाहिली होती की स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला, की ती सरळ जांभई द्यायची.

एदगार्दोने टेप टेबलावर ठेवली. लेबलवर निळ्या शाईत लिहिलं होतं : फायनल, १९९१. कोर्टाच्या कडेवरून.

यारित्साचा हात जागच्या जागी थांबला.

बास्केटबॉलच्या प्लेऑफची ती फायनल दोन्ही गावांत आजी-आजोबांपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना पाठ होती. सात सामन्यांतला शेवटचा, तीन सेकंद उरलेले, पाल्मिता एका गुणाने मागे. रामिरो बोनियाने अर्ध्या कोर्टावरून बॉल भिरकावला. भोंगा वाजला, बॉल जाळीत गेला, पाल्मिता जिंकलं. आता भोंगा आधी वाजला की बॉल आधी सुटला? टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे नेमका त्याच वेळी कुणाचा तरी झेंडा आला होता, त्यामुळे बत्तीस वर्षं दोन गावं भांडत होती. ठरलेली लग्नं मोडली होती यावरून. आणि प्रत्येक गावाकडे आपला एक हुकमी साक्षीदार होता. रिओ प्रिएतोचा एफ्राईन, जो आपल्या संघासाठी कोर्टाला लागून चित्रण करत होता. तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "भोंगा आधी." पण टेप मागितली, की म्हणायचा, "बिघडली."

"एफ्राईन माझा मामा," एदगार्दो म्हणाला. "तीन महिन्यांनी साठीचा होतोय. कपाटात सापडली ही. त्याला न विचारता आणलीय. एकदाचं त्याचं खरं ठरू दे."

"आणि रामिरो बोनिया माझे वडील," यारित्सा म्हणाली.

पत्र्यावर सर वाजत राहिली. एदगार्दोने टेपकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मग... टेप परत नेऊ?"

"ते तुम्ही ठरवा. माझ्यावर विश्वास ठेवायला काही कारण नाही तुम्हाला."

"दोन अल्कापुरिया आहेत की," तो म्हणाला आणि टेप तिथेच ठेवून गेला.

मग दर गुरुवारी तो येऊ लागला. टेपची चौकशी पाच मिनिटांत संपायची, तो मात्र तासभर बसायचा. तिसऱ्या गुरुवारी 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. चौथ्या गुरुवारी रामिरो अचानक दुकानात शिरले आणि एदगार्दोची अशी काही तारांबळ उडाली, की तो खुर्चीवरून ताडकन उठून म्हणाला, "आशीर्वाद द्या, पप्पा."

त्या बेटावर घरातल्या मोठ्यांना भेटताना असंच म्हणतात— पण घरातल्या. परक्या मुलीच्या बापाला कुणी असं म्हणत नाही, म्हटलं तर पेढेच वाटायला निघाला म्हणायचा. रामिरोंच्या तोंडून सवयीने "देव तुझं भलं करो, बाळा" निघूनही गेलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की हे बाळ आपलं नाही.

"हा कुणाचा?"

"गिऱ्हाईक आहे, पप्पा."

"गिऱ्हाइकं आशीर्वाद कधीपासून मागायला लागली?"

यारित्सा कपाटाआड जाऊन पोट धरून हसली. पण रामिरोंची नजर टेबलावरच्या लेबलवर पडली होती. ते आल्या पावली निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले. टोपी हातात घेऊन, दवाखान्यात बसावं तसे बसले.

"यारी, त्या टेपेत... दिसतं का?"

"अजून लावली नाही."

"मी डोळे मिटले होते गं." त्यांनी टोपीची कड दुमडली, सरळ केली. "बॉल फेकला तेव्हा. भोंगा कानात वाजत होता, पण बॉल हातात होता की सुटला होता, देवाशपथ मला माहीत नाही. बत्तीस वर्षं लोक मला बोलावून कॉफी पाजतात. पोरांची नावं माझ्यावरून ठेवतात. आता त्या कोर्टाला माझं नाव देणार आहेत. आणि मी रोज सकाळी उठतो तो चोरासारखा." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "बुरशीने एवढ्या टेपा खाल्ल्या. आणखी एक खाल्ली, तर कुणाचं काय जाईल?"

ज्या माणसाने तिला खोटं बोलल्याबद्दल एकदा रात्रीचं जेवण दिलं नव्हतं, तो माणूस हे मागत होता. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

टेप साफ झाली. तरी एदगार्दो आला की ती म्हणायची, "अजून एक हात फिरवायला हवा." असे तीन गुरुवार गेले. पप्पांसाठी वेळ काढतेय, असं ती स्वतःला सांगायची. ते अर्धं खरं होतं.

आठव्या गुरुवारी दुपारी तिने सगळं सांगून टाकलं.

"पप्पांना ती टेप नको आहे. त्यांनी मला ती बिघडवायला सांगितलं."

एदगार्दोने टेप उचलली आणि खिशात घालायला लागला. "मग नको लावूस. मामाला वाढदिवसाला टोपी देतो."

"आणि तो खोटारडा ठरतोय, त्याचं काय?"

"तुमच्या गावात तर बत्तीस वर्षं ठरतोय. जेवण जातं त्याला व्यवस्थित."

"एदगार्दो, दे इकडे." तिने हात पुढे केला. "मी ती लपवली तर पप्पांकडे बघू शकेन कदाचित. पण तुझ्याकडे नाही बघता येणार... आणि मला तुझ्याकडे बघायचंय."

त्याने टेप दिली. दोघांची बोटं तिच्यावर क्षणभर एकत्र थांबली, आणि मग तिने ती मशीनमध्ये सरकवली.

चित्र थरथरलं, स्थिर झालं. ढोल, झेंडे, घामेजलेले चेहरे. सात सेकंद. पाच. कडेवरून बॉल आत आला आणि चोवीस वर्षांच्या रामिरोंनी तो झेलला. यारित्साने टेबलाची कड घट्ट धरली. तीन सेकंद—

आणि कॅमेरा वळला.

बॉल गेला, कोर्ट गेलं. पडद्यावर प्रेक्षकांची तिसरी रांग आली. भोंगा ऐकू आला. रांगेतला प्रत्येक चेहरा वर, जाळीकडे, तोंड उघडं. फक्त एक मुलगी वर बघत नव्हती. पिवळ्या झग्यातली, केस वर बांधलेली. ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती. आजूबाजूला माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि ती हळूहळू हसायला लागली होती.

यारित्साने चित्र थांबवलं.

"मामा..." एदगार्दो म्हणाला. "अरे, काय केलंस हे मामा! पण ही कोण?"

"ही माझी नेरेइदा आत्या." यारित्साला हसू आवरेना. "पाल्मिताची हुकमी साक्षीदार. रामिरोची टाच कशी उचलली गेली, बॉल आधी कसा सुटला, भोंगा नंतर कसा वाजला, सगळं साग्रसंगीत सांगते. गावातल्या पोरांना शाळेत जाऊन सांगते!"

"म्हणजे अख्ख्या स्टेडियममध्ये दोघांनीच तो बॉल पाहिला नाही..."

"आणि त्या दोघांनीच शपथा घेतल्या."

कारण उघड होतं. नाहीतर कुणीतरी विचारलं असतं, मग तू कुठे बघत होतास? तू कुठे बघत होतीस?

हसण्याच्या नादात दार उघडल्याचं त्यांना कळलं नाही. आत्या रोजच्यासारखी जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने पडद्याकडे पाहिलं. डबा सावकाश खाली ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

"चेहरा हलतोय माझा," ती म्हणाली. "नीट कर जरा."

यारित्साने नीट केला. "आत्या, खरं सांग. बॉल वेळेत सुटला होता?"

"मला काय माहीत गं?"

बत्तीस वर्षांत तिने दिलेलं असं हे पहिलंच उत्तर होतं. मग ती एदगार्दोकडे वळली. "तू एफ्राईनचा कोण? भाचा? तरीच, कपाळ तेच. त्याने लग्न केलं?"

"नाही. विषय काढला की अंगणात जाऊन बसतो."

"एक शब्द बोललो नाही आम्ही. फायनलचे सात सामने नुसतं बघत होतो. त्या दिवसानंतर दोन्ही गावांत काचा फुटल्या, माझ्या भावाच्या नावाने तिकडे पुतळे जाळले. म्हटलं, आठवड्याने जाईन. मग म्हटलं, महिन्याने." तिने पडद्यावरच्या मुलीकडे पाहिलं. "वेडी. किती साधं होतं, पूल ओलांडायचा आणि जायचं."

दारात रामिरो उभे होते. त्यांनाही घरी राहवलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे बघितलं.

"तुमचा बॉल यात नाहीच, पप्पा," यारित्सा म्हणाली. "कधी कळणारच नाही."

ते उंबऱ्यावरच बसले. पडद्यावर बहिणीचा चेहरा बघितला, मग खुर्चीतल्या बहिणीचा.

"तू तर टाच पाहिली होतीस, नेरे."

"तुझ्यासाठी पाहिली. आणि माझी लाज झाकायला."

रामिरोंनी तळहाताने डोळे पुसले. ते हसत होते की रडत होते, सांगणं कठीण होतं. "कोर्टाला नाव देतील तेव्हा माईकवर सांगून टाकेन, की मी डोळे मिटले होते म्हणून. पुढचं ते बघून घेतील. मला झोप तर लागेल."

आत्या उठली, झगा झटकला. "पोरा, गाडी आणलीयस? मला पुलापलीकडे सोड. दहा मिनिटं थांब, केस नीट करून येते." आणि भावाला दंडाला धरून ती घेऊनही गेली.

दुकानात दोघंच उरली. एदगार्दोने टेप कागदात गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"काम झालं म्हणजे," तो म्हणाला. "पुढच्या गुरुवारी यायला काही निमित्त नाही."

"काम तीन आठवड्यांपूर्वीच झालं होतं."

"माहितीये मला."

"कसं?"

"तीन गुरुवार तू माझ्यासमोर जी टेप पुसत होतीस, तिच्यावर कुणा लुइसितोचा बाप्तिस्मा लिहिलं होतं."

यारित्साचे कान तापले. "मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर टेप देऊन मोकळी झाली असतीस."

बाहेरून आत्याच्या बुटांचा टकटक आवाज जवळ यायला लागला होता. साठीला टेकलेली बाई गल्लीतून जवळजवळ धावत येत होती. यारित्साने चष्मा काढला. आता समोरचं सगळं धूसर होतं, फक्त तो जवळ असल्याने स्पष्ट होता.

"मला तू आवडतोस, एदगार्दो," ती म्हणाली. "गुरुवारपुरता नाही. तो हिरवा शर्ट घातलास तरी चालेल."

त्याने तिचा हात हातात घेतला. कापसाचा आणि स्पिरिटचा वास येणारा तो हात त्याने ओठांना लावला आणि तसाच धरून ठेवला.

"मी आजच सांगणार होतो," तो शेवटी म्हणाला. "गाडीत पाठ करत आलो सगळा रस्ता."

"मग सांग की. आत्या पोचायच्या आत."

आणि त्याने सांगितलं.