घर चुकणारे इडवलकाका

न्यूपोर्टच्या टेकडीवरची आमची घरं युद्धानंतर कारखान्यात तयार होऊन, चार तुकड्यांत ट्रकवरून आली. दहा वर्षांपुरती म्हणून आली आणि आम्हाला म्हातारं करून गेली. सगळी एकसारखी. तेच हिरवं दार, तोच भिंतीत बसवलेला फ्रिज. त्यामुळे शेजाऱ्याच्या घरात शिरणं आमच्याकडे रोजचंच.

त्यात पोलाद कारखान्यातले इडवलकाका म्हणजे कहर. पाळी संपली की दिसेल त्या स्वयंपाकघरात शिरायचे, टेबलावरचं चट्टामट्टा करायचे आणि मग बायकोला शोधत विचारायचे, "ग्लेनिस कुठं गेली?"

काका वारले, आणि काही वर्षांनी वस्ती पाडायला घेतली. मी वायरमन. रिकाम्या होणाऱ्या घरांची वीज मीच तोडायचो. पहिल्याच घरातली बाई म्हणाली, "ह्यू, टेबलावरचा माझा अर्धा ॲपल-पाय कुणी खाल्ला रे?"

मी उंदरांवर ढकललं. पुढच्या घरात एक खुर्ची कोमट लागली, उन्हामुळे, म्हटलं. त्याच्या पुढच्या घरात रिकाम्या ताटलीत काटा-सुरी नीट शेजारी शेजारी ठेवलेली होती. उंदीर एवढे शिस्तीचे नसतात.

"काका अजून घर चुकतायत!" लोक हसायचे. मीही हसायचो, पण जरा बेतानं.

शेवटी ग्लेनिसकाकूंचं घर तेवढं उरलं. नवा फ्लॅट मिळाला होता, पण काकू हलेनात.

"काकू, उद्या बुलडोझर येतोय. आता तरी हट्ट सोडा."

"अरे, आता एकच घर उरलंय. आता तरी कसा चुकेल तो? मी आधीच गेले, तर कुठं शोधेल मला?" त्या हसल्या, पण डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मटणाचं सूप केलं आणि दोन वाडगे मांडले. मी मागच्या खोलीत मीटर उतरवत होतो.

दार वाजलं. पायपुसण्यावर कुणीतरी बराच वेळ बूट घासले.

मग चमच्यांचा आवाज. दोन चमच्यांचा.

मी बाहेर आलो, तेव्हा दोन्ही वाडगे चाटूनपुसून साफ होते. काकू नव्या नवरीसारख्या लाजत होत्या. "चल रे ह्यू. निघू या आता."

गाडीत त्या मागच्या सीटवर बसल्या.

"पुढं बसा की, काकू."

"नको. मागं बसलं की त्याला मळमळतं."

मी गाडी सुरू केली. टीं टीं टीं. माझ्या शेजारच्या सीटवरच्या माणसानं पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं. सीट रिकामी होती.

"इडवल, पट्टा लाव बघू," मागून काकू खेकसल्या. "पोरगा नियमांचा पक्का आहे."

खट्ट.

आवाज थांबला. मी समोर बघूनच गाडी हाकली. वळणावर आरसा बघताना तेवढं दिसलं. पट्टा सीटला टेकलेला नव्हता. ढेरीवरून गेल्यासारखा, चांगला वीतभर पुढं होता.