बारावा बोअर

आमच्या खाणीच्या उत्तरेकडच्या भिंतीत एक काळा पट्टा आहे. जाडीला दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा. खाणीच्या तळापासून तो तिरका वर चढत येतो, जमिनीपर्यंत पोहोचतो आणि तिथेच संपतो. पुढे गवत, दोन पळसाची झाडं आणि वर आभाळ. मी पाच वर्षांची असताना आईला विचारलं होतं, "पुढचा पट्टा कुठे गेला?"

"आभाळात गेला," आई म्हणाली. तिला शिफ्टची घाई होती, म्हणून तिने तोंडाला येईल ते सांगून टाकलं. ते उत्तर खरं निघेल असं तिलाही वाटलं नसणार.

तो काळा पट्टा म्हणजे मँगनीजचं खनिज (ज्यातून धातू काढता येतो असा दगड). हातात घेतला तर बोटं काळी होतात, आणि दिसतो त्यापेक्षा तो इतका जड लागतो की पहिल्यांदा उचलणारा हमखास दचकतो. आमचं गाव बोरटेकडी, भंडारा जिल्ह्यात. खाणीत आता डंपर आपले आपण चालतात, पण शेवटची चुनाई (चांगला दगड निवडून वेगळा करणं) अजून बायाच करतात. माझी आई त्यातलीच एक. दगड उचलायचा, हातोडीचा एक ठोका द्यायचा, आतला ताजा रंग पाहायचा, हातावर तोलायचा आणि टाकायचा. काळा आणि जड असेल तर उजवीकडे. मसुरीच्या डाळीसारखे तांबूस दाणे दिसले तर डावीकडे, म्हणजे टाकाऊत. त्या दगडाला आमच्याकडे 'मसूऱ्या' म्हणतात.

मी सातवीत होते तेव्हा खाणीच्या फाटकावर एक यादी लागली. खाणीतला माल संपत आला होता. नवा माल सापडला नाही तर खाण बंद होणार आणि सगळ्यांच्या बदल्या. आईच्या नावापुढे ओडिशा होतं. फुलनआजींच्या सुनेला कर्नाटकात बल्लारीकडे, शेजारच्या गेडामांना आंध्रात, कुणाला गुजरातमध्ये पंचमहालला. ज्या सतरा बाया चुनाईच्या एका ओट्यावर बसून एकमेकींच्या लेकरांची नावं ठेवत आल्या, त्या सतरा जणी देशाच्या चार कोपऱ्यांत जाणार होत्या. आईने यादी वाचली आणि घरी येऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती. मला फार राग आला. कुणाचा ते कळत नव्हतं, पण खाण बंद होऊ द्यायची नाही एवढं मी त्याच दिवशी ठरवलं.

माल शोधायला कंपनीने घोरपड पाठवली होती. घोरपड म्हणजे एक यंत्रमानव. सहा पायांचा, लांब, चपटा, चढावर पोट टेकून सरपटणारा. पाठीवर जमिनीत भोक पाडणारा बरमा. त्याचं खरं नाव आकड्यांचं होतं, पण गावाने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकलं. घोरपडीला चाळीस दिवस आणि बारा बोअर मिळाले होते. खाणीच्या पूर्वेला, लेंडी नाल्याच्या बाजूने, तिने अकरा बोअर मारले. अकराही कोरडे. म्हणजे पाणी लागलं, पण माल नाही. आता एकच बोअर उरला होता आणि चार दिवस.

मी शाळा सुटली की घोरपडीकडे जायचे. ती पुस्तकातल्यासारखी बोलायची, पण कितीही विचारलं तरी वैतागायची नाही. आमच्या गणिताच्या सरांपेक्षा बरी.

"घोरपड, मँगनीज इथेच का? आमच्या आजूबाजूला तर साधा दगड आहे."

"कारण शंभर कोटी वर्षांहूनही आधी इथे समुद्र होता."

मी हसले. बोरटेकडीहून समुद्र पाहायला दोन दिवस प्रवास करावा लागतो.

"तुमच्या शाळेतल्या हातपंपाचं पाणी बादलीत भरून ठेवलं तर काय होतं?" तिने विचारलं.

"आधी स्वच्छ दिसतं. मग तळाशी तांबडा गाळ बसतो."

"पाण्यात लोह विरघळलेलं असतं. जमिनीखाली हवा नसते, तोवर ते विरघळलेलंच राहतं. वर आल्यावर हवेतला प्राणवायू मिळतो आणि ते गाळ होऊन खाली बसतं. मँगनीजचंही तसंच. खोल समुद्रात प्राणवायू फार कमी होता. तिथलं मँगनीज विरघळलेलं पाणी उथळ भागात आलं, प्राणवायू मिळाला, आणि काळा गाळ तळाशी बसत गेला. लाखो वर्षं. बादली फार मोठी होती."

"मग ओडिशात? बल्लारीत?"

"तिथे दुसरे समुद्र, दुसऱ्या काळातले. या देशाच्या जमिनीखाली असे कित्येक जुने समुद्रतळ गाडलेले आहेत. म्हणून मँगनीज एका जागी नाही, विखुरलेलं आहे. आणि ते सगळीकडे लागतं. पोलाद (कठीण केलेलं लोखंड) करताना मँगनीज घातलं नाही तर त्यातला गंधक त्याला ठिसूळ करतो. रूळ, पूल, विजेचे मनोरे, सगळ्यांत थोडं थोडं मँगनीज आहे. विजेच्या नव्या बॅटऱ्यांतही."

मग मी माझा जुना प्रश्न विचारला. पट्टा आभाळात कसा संपतो?

घोरपडीने मला घरातून तीन जुनी कापडं आणायला सांगितली. मी आईची दोन फाटकी लुगडी आणि बाबांच्या मोडक्या छत्रीचं काळं कापड आणलं. काळं मध्ये, लुगडी वर आणि खाली. तिन्ही ओली करून फरशीवर पसरली. "आता दोन्ही बाजूंनी हळूहळू आत ढकल," ती म्हणाली. ढकलल्यावर कापडाला घड्या पडल्या. एक खळगा, एक उंचवटा, पुन्हा एक खळगा.

"याला वली (थरांना पडलेली घडी) म्हणतात. जमिनीचे तुकडे एकमेकांवर रेटले गेले, तेव्हा आडवे थर असे वाकले. खाली खूप उष्णता आणि दाब होता, म्हणून ते तुटण्याऐवजी वाकले. आता उंचवट्याचा माथा काप."

मी कात्री चालवली. लुगडी फाटकीच होती, पण आईला ते नंतर पटवून द्यायला मला बराच वेळ लागला. माथा कापल्यावर पाहिलं तर काळं कापड खळग्यातून वर चढत येत होतं आणि कापलेल्या जागी संपत होतं. अगदी आमच्या भिंतीसारखं.

"माथा कुणी कापला?"

"पाऊस, वारा, ऊन. कोट्यवधी वर्षं झिजवत राहिले. याला क्षरण म्हणतात. पट्टा खरंच आभाळात गेला होता, सुकेशनी. जिथे आज आभाळ आहे, तिथे तेव्हा डोंगर होता."

मी कापडाकडे पाहत राहिले. कापलेल्या उंचवट्याच्या पलीकडे काळं कापड पुन्हा खाली उतरत होतं, दुसऱ्या खळग्यात.

"मग उत्तरेला, टेकडीच्या पलीकडे, पट्टा परत असेल! तू पूर्वेला काय खोदत बसलीस?"

"दोन शक्यता होत्या," घोरपड म्हणाली. "हाच खळगा नाल्यासारखा पूर्वेकडे लांबत गेला असेल, किंवा पलीकडे दुसरा खळगा असेल. मी खुणेचा दगड शोधला. मँगनीजच्या थराला लागून गोंडाइट सापडतो. गाळात मँगनीजबरोबर वाळू आणि चिकणमाती मिसळली असेल तर तापल्या-दाबल्यावर त्याचा गोंडाइट होतो. त्यात तांबूस दाणे असतात. पूर्वेला, लेंडी नाल्याजवळ, मला वर उघडे दिसणारे गोंडाइटचे तीनशे चौदा दगड मिळाले. उत्तरेला फक्त एकोणीस. म्हणून पूर्व."

तांबूस दाणे. म्हणजे आपला मसूऱ्या!

"लेंडी नाल्याजवळ कुठे मिळाले?"

"शेतांच्या धुऱ्यांवर (बांधांवर). शेतकरी आपल्याच शेतातले दगड वेचून धुऱ्यावर टाकतो. म्हणजे ते त्याच जमिनीतले."

मी पळत फुलनआजींकडे गेले. फुलनआजी कुमरे सत्तरीच्या, आमच्या ओट्यावरच्या सगळ्यात जुन्या चुनाईवाल्या. त्यांना विचारलं, लेंडीच्या धुऱ्यावरचे मसूऱ्या दगड कुठून आले?

"कुठून म्हंजे? आमीच नेले ना वं!" आजी म्हणाल्या. "शिफ्ट सुटली का हरेक बाई टोपल्यात एक टाकाऊ दगड घेऊन निघे. रिकामं टोपलं घेऊन घरी जाचं नाई, असाच रिवाज होता. ओटाबी साफ होये, अन् नाल्याचं पानी शेतात घुसू नये म्हून धुराबी होये. तीस-चाळीस वर्सं नेले आमी."

मला एकदम हसू आलं आणि लगेच रडूही. जगातल्या कुठल्याही गावात घोरपडीचा हिशेब बरोबर आला असता. आमच्याच गावात बायांनी खाणीचा दगड डोक्यावर नेऊन दुसऱ्याच जागी मांडून ठेवला होता, आणि अकरा बोअर त्या धुऱ्याच्या मागे धावले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लांजेवार मॅडमच्या ऑफिसात उभी राहिले. त्या कंपनीच्या भूवैज्ञानिक (जमिनीचा, दगडांचा अभ्यास करणाऱ्या). त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सुकेशनी, आजींनी सांगितलं म्हणून शेवटचा बोअर मी हलवू शकत नाही. काही दगड शेतातलेच असतील, काही नेलेले. कुठला कुठला हे कसं सांगणार?"

आई दारात उभी होती, मला शाळेत न्यायला आली होती. ती आत आली.

"मॅडम, ओट्यावरून गेलेला एकबी दगड ठोकल्याशिवाय गेला नाई," ती म्हणाली. "आमच्या हातोडीचा टवका त्याच्या अंगावर असनारच. शेतातल्या दगडाले कोन ठोकते?"

मॅडम खुर्चीतून उठल्या. "दोन दिवस," त्या म्हणाल्या. "मग मात्र बोअर जिथे ठरलाय तिथेच."

ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही. सतरा बाया, फुलनआजी, मी आणि घोरपड. घोरपड एकेका दगडाची जागा सांगायची, बाई दगड उचलून फिरवायची, बोटाने कड चाचपायची. "ठोकलेला." पुढचा. "ठोकलेला." उन्हाने डोकं तापलं, आजींची कंबर धरली, पण मी म्हटलं तुम्ही बसा, तर त्यांनी मलाच झापलं. एका धुऱ्यावर आईने एक दगड उलटा केला आणि तशीच थांबली. "हा माहा हाय," ती म्हणाली. "मी दोन बाजूंनी ठोकतो, बाकीच्या एकाच." तो दगड कुणी तिच्या हातून हिसकावू पाहिला असता तर तिने सोडला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्वेचा हिशेब झाला. तीनशे चौदापैकी तीनशे अकरा ठोकलेले. मग आम्ही टेकडी ओलांडून उत्तरेला गेलो. एकोणीस दगड. एकावरही टवका नाही. अर्धे मातीत रुतलेले, शेवाळलेले, आणि घोरपडीने त्यांच्या जागा जोडल्या तर जवळजवळ सरळ रेषा.

"माझं मोजणं बरोबर होतं," घोरपड म्हणाली. "माझा समज चुकीचा होता. दगड निसर्गाने ठेवले तिथेच असतात, असं मी धरून चालले."

"तुले कोनी सांगतलंच नाई ना, बाई," फुलनआजी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. मग घोरपडीने त्यांना सांगितलं की गोंडाइट हे नाव मध्य भारतातल्या गोंडांवरून पडलं आहे, जगभर त्याच नावाने तो ओळखला जातो. आजी गोंडच. त्यांनी हातातला मसूऱ्या उन्हात धरून पाहिला. "आमच्या नावाचा दगड," त्या म्हणाल्या, "अन् आमीच डावीकडं फेकत होतो!"

लांजेवार मॅडमनी जागा बदलण्याच्या कागदावर सही केली. चुकलं असतं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं.

बारावा बोअर शेवटच्या दिवशी सकाळी सुरू झाला. बरम्याच्या पोकळ नळीतून गाभा (दगडाचा लांब गोल दांडा) तुकड्यातुकड्याने वर येत होता. वीस मीटर, करडा. चाळीस, करडा. साठ, करडा. आईने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुखत होता, पण मी हललेही नाही. अडुसष्ट मीटरवर गाभ्यात तांबूस दाणे दिसले. मसूऱ्या! आणि एकाहत्तरवर नळीतून जे आलं, ते काळं होतं.

मॅडमनी मोजपट्टी काढली नाही. त्यांनी तो तुकडा आईच्या हातात दिला. आईने तो तोलला, एकदा उजव्या हातात, एकदा डाव्या. हातोडीचा एक ठोका दिला. ताज्या काळ्या कडेवर ऊन चमकलं.

"माल हाय," आई म्हणाली. आणि मग तिला रडू फुटलं.

पट्टा तीन मीटर जाडीचा निघाला. पुढच्या वर्षात अजून बोअर झाले, आणि मॅडमच्या अंदाजाने निदान पंधरा वर्षं पुरेल एवढा माल आहे. फाटकावरची यादी मॅडमनी स्वतः फाडली. पंधरा वर्षांनंतर काय, हा प्रश्न आहेच. म्हणून मी भूविज्ञान शिकणार आहे, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

ओडिशाला बदली झाली ती फक्त घोरपडीची. जायच्या आधी तिने शोधाच्या यादीत सगळ्यात वर एक नवा प्रश्न घातला, आणि देशातल्या सगळ्या शोधयंत्रांना तो पाठवला: इथले दगड कुणी हलवले आहेत का? गावात विचारा.

गेल्या आठवड्यात तिचा निरोप आला. ती ओडिशातल्या केओंझरच्या एका खाणीजवळ आहे. तिने तिथल्या एका म्हाताऱ्या आजोबांना तो प्रश्न विचारला. आजोबा दोन दिवस सांगतच होते. घोरपडीने लिहिलंय, "अजून एकही बोअर मारलेला नाही. घाई नाही. आधी त्यांचं सांगून होऊ दे."