अनेरच्या पुरापलीकडे

सातपुड्यातल्या आंबापाड्यावर पटकीची साथ पसरली होती, आणि काहीही करून तिथं औषध पोहोचवायचं होतं! मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स सुमनबाई औषधांची पेटी घेऊन धुळ्याहून निघाल्या. शिरपूरला चुडामण आणि पुना हे दोघे ख्रिस्ती शेतकरी भाऊ त्यांना मिळाले. साल १९१९, भाद्रपदाची झड लागलेली.

मागच्या साली इन्फ्ल्युएंझानं सुमनबाईंचा नवरा आणि लेक नेले होते. तेव्हापासून त्या प्रार्थनेला बसत, ओठ हलत, आत मात्र काहीच हलत नसे. रडू नाही, रागही नाही. देव आहे हे त्यांना माहीत होतं, जसा कलेक्टर कुठंतरी असतो हे माहीत असतं.

डोंगराची वाट चिखलानं निसटत होती. एका कड्यावर पायाखालची दरड सुटली. पुनानं बाईंचा हात धरला म्हणून त्या वाचल्या! खाली दगड गडगडत गेले. बाई तिकडं बघत राहिल्या. छातीत धडधडसुद्धा झाली नाही.

पुढं अनेर नदी आडवी आली, गढूळ, फेसाळती, दोन्ही थड्या कुरतडत जाणारी.

"अक्का, पानी चढी ऱ्हायनं," चुडामण म्हणाला. "आते पार नही झाऊत ते मंग जमाव नही!"

दोराचं एक टोक अलीकडच्या झाडाला आणि दुसरं कमरेला बांधून तो पोहत गेला आणि पलीकडच्या उंबराला दोर आवळला. मागोमाग बाई दोर धरून उतरल्या. पाठीवर पेटी बांधलेला पुना त्यांच्या मागं होता.

मधोमध पोहोचले तोच वरून एक ओंडका आला!

पुनाला धक्का बसला. त्याचा एक हात सुटला. पेटीत पाणी भरलं आणि तिच्या वजनानं तो खाली ओढला जाऊ लागला.

"अक्का, पेटी धरा! मना इचार नका करू!"

बाईंनी एका हातानं दोर धरला. दुसऱ्या हातानं कमरेची कात्री काढली. पेटीचा पट्टा कापला. पेटी धारेत एकदा फिरली आणि गेली! त्यांनी पुनाची कॉलर मुठीत पकडली. देवाचा धावा तोंडात आला नाही. हात तेवढे काम करत होते.

तिघं काठावर पडले. पुनाची पाठ रिकामी होती, न्यायचं औषध गेलं होतं.

"आते काय घी जासूत?" पुनानं विचारलं.

"पाड्यावर चूल असेल, मीठ असेल," बाई म्हणाल्या. "चला."

पाड्यावर त्यांनी ओढ्याचं पाणी पिणं बंद केलं. दोघा भावांनी हंडे चढवले. उकळलेल्या पाण्यात मीठ-गूळ घालून घोट घोट पाजणं, एवढंच हाती होतं. त्यांच्यादेखत दोन रोगी दगावले. शेवटच्या झोपडीत झुंबरबाई पडली होती. डोळे खोल गेलेले, बोटं सुरकुतलेली. एकटी, ख्रिस्ती विधवा.

"उनी तू?" बाईंना आलेलं बघून ती पुटपुटली. "येसूले हाका मारी मारी थकी गयू. तो बोलेच ना. दूर निघी गया जसा."

"माझ्याशीही बोलत नाही," सुमनबाई म्हणाल्या. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "औषधं वाहून गेली. रिकाम्या हातानं आलेय मी."

"पन तू उनी ना." झुंबरबाईनं त्यांचं मनगट धरलं. "प्रार्थना कर."

"शब्द येत नाहीत गं."

"मंग गप बस. मना जोडे बस."

बाई तिच्याजवळ बसल्या. चमचा भरायचा, ओठांशी न्यायचा, पुन्हा भरायचा. त्या शांततेत मध्येच त्यांना वाटलं, इथं आपण दोघीच नाही. त्यांनी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पाऊस पडत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुंबरबाईला लघवी झाली. पटकीच्या रोग्याला लघवी झाली म्हणजे तो वाचला, हे सुमनबाईंना पक्कं ठाऊक होतं.

"देवा," त्या म्हणाल्या. पुढं काही सुचलं नाही. त्यांनी चमचा पुसला आणि शेजारच्या झोपडीकडं निघाल्या.