बंद दाराआडचा डबा

मास्कच्या वर त्याचे डोळे तेवढे दिसत होते, आणि तेवढ्यावरच माझा त्या दिवसाचा अभ्यास बुडाला.

बद्रीनाथ त्याचं नाव, आरोग्य केंद्रातून आला होता. भोकरदनच्या आमच्या अभ्यासिकेत एकामागून एक पोरी कोरोनानं आजारी पडत होत्या. लागण नेमकी कुठं होते, ते त्याला शोधायचं होतं. मालक गोपीकिशनकाकांनी सांगूनच टाकलं होतं, आणखी कुणी आजारी पडलं तर कुलूप! माझी तलाठ्याची परीक्षा तोंडावर आलेली, आणि धावडा गावातल्या आमच्या घरात पुस्तक उघडायला कोपरा नाही. मला धडकीच भरली.

“हॉलच्या खिडक्या उघड्या, मास्क बराबर,” तो म्हणाला. “मंग पोरीच का आजारी पडून राह्यल्या?”

मला ठाऊक होतं. अभ्यासिकेत खायला बंदी. म्हणून आम्ही पोरी सामानाच्या खोलीत डबे सोडायचो... मास्क काढून, गुडघ्याला गुडघा लावून. ठेच्याचा वास काकांपर्यंत जाऊ नये म्हणून दार-खिडकी गच्च लावून!

सांगावं, तर काका चिडणार. न सांगावं, तर... तिकडं माझी मैत्रीण गजाला तापानं फणफणत होती. मी बद्रीनाथला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

तो हसला, डोळ्यांतूनच. “वास न्हाई गेला बाहेर. पण मंग विषाणू बी न्हाई गेला!”

त्यानं काकांना कसं पटवलं देव जाणे. डबे गच्चीवर गेले आणि अभ्यासिकेला आठवडाभराची मुदत मिळाली. तो रोज पाहणीला यायचा. विचारपूस सगळ्यांचीच करायचा, माझ्यापाशी जरा जास्तच रेंगाळायचा.

“ताप?”

“न्हाई.”

“छातीत धडधड?”

“हे बी विचारायचं असतं का?”

“न्हाई... असंच...”

मी हसू दाबलं. धडधड तर होतीच.

आठवडा सरला. नवं कुणी आजारी पडलं नाही, गजालाही बरी होऊन परतली. “राहू द्या चालू,” काका म्हणाले. दुपारी बद्रीनाथ थेट गच्चीवर आला.

“पाहणी तर संपली,” मी म्हणाले. “आता कशाला आलात?”

“संपली म्हणूनच आलो. आधी बोललो असतो, तर तुम्हाला वाटलं असतं, न्हाई म्हटलं की हा कुलूप लावंल. आता तुम्ही बिनधास्त न्हाई म्हणू शकता.” त्यानं मोठा श्वास घेतला. “रेणुका, तुम्ही मला लय आवडता.”

सगळ्या पोरींचे घास हातातच राहिले. मला तो पहिल्या दिवसापासून आवडत होता, पण इतक्या जणींसमोर...

“न्हाई म्हणायचंच न्हाई मला,” मी म्हणाले, आणि भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली.