आरती राहिलेलं कीर्तन

कुसगावच्या जुन्या धर्मशाळेचं आता हॉटेल झालंय. आमच्या लेकीनं, माधवीनं, लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून आम्हा दोघांना तिथं पाठवलं. काम मन लावून केलेलं. सागवानी खांब उजळलेले, काळ्या फरशीला तुकतुकी, खोल्यांत गवती चहाचा वास. मधल्या सभामंडपात पूर्वी कीर्तनं व्हायची. तिथं आता पितळी कड्यांचा झोपाळा होता. मी कीर्तनवेडी, आत पाऊल टाकलं आणि माहेरी आल्यासारखं वाटलं. आमचे हे, आदिनाथ, म्हणाले, "बरंय, बुवा तेवढे नाहीत." हे कीर्तनात कधी टिकलेच नाहीत. पूर्वरंग संपून बुवांना हार पडला, की हे चपला शोधायला बाहेर.

सकाळी आंघोळ करून आले तर हे मंडपात बसलेले. झोपाळा सोडून फरशीवर, मांडी घालून, रिकाम्या भिंतीकडं तोंड करून. इन्सुलिन घेऊन झालं होतं. म्हणजे लगेच खायला हवं होतं.

"अहो, इडली गार होतेय."

"थांब जरा. उत्तररंग चाललाय."

मला चेष्टाच वाटली. जवळ गेले तर कपाळावर बुक्का. बोट फिरवलं, बोट काळं झालं. त्यांना धरायला खाली बसले तेव्हा आजूबाजूची फरशी हाताला कोमट लागली, दाटीवाटीनं माणसं बसलेली असावीत तशी.

तळेगावच्या दवाखान्यात मी लॅबमध्ये नोकरीला होते. आधी तपासायचं, मग घाबरायचं, ही जुनी सवय. त्यांच्या बोटाला सुई टोचली. साखर उतरायला लागली होती. साखरपाणी तोंडाशी नेलं तर ओठ घट्ट मिटून घेतले. म्हणाले, प्रसादाआधी कसं खाऊ? आणि हे कोण म्हणतंय, तर जन्मात प्रसादापर्यंत न थांबलेला माणूस.

औंढ्याचे मारुतीआबा तिथं राखणीला असतात. त्यांना हाक मारली. दोघांनी काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला. हे अंगानं काडीसारखे, तरी तसूभर हलले नाहीत. आबांनी हात सोडला.

"न्हाई उठायचे ते, ताई. मागल्या पाव्हण्याचं बी असंच झालतं."

"मग ते कसे उठले?"

आबांनी खिशातून फोन काढून डॉक्टरांना लावला.

लोणावळ्याहून डॉक्टर निघाले होते, पण सुट्टीच्या गर्दीत अडकले होते. ह्यांच्या कपाळावर घाम आला. पुन्हा सुई टोचली. साखर आणखी खाली.

आरती झाल्याशिवाय कीर्तनातून उठायचं नसतं. एवढं एकच मला ठाऊक होतं. मग आरतीच करायची.

टेबलावरची शोभेची पणती आबांनी पेटवून दिली. भिंतीपाशी, बुवा उभे राहत असतील तिथं, मी उभी राहिले आणि म्हणायला लागले.

दुसऱ्या कडव्याला टाळ लागला.

आबांचे हात रिकामे होते.

आरती संपली. ह्यांनी वळून पाहिलं, साखरपाणी घटाघटा प्यायले, गुडघ्यावर हात देऊन उठले. "भूक लागलीय गं. चल," म्हणत दारापर्यंत गेलेसुद्धा.

मी निघणार, तोच पायांवर कुणीतरी डोकं टेकवलं.

गार होतं. ते बाजूला झालं. दुसरं टेकलं.

कीर्तन संपलं की एकेक जण पाया पडतो, आणि शेवटच्याचा नमस्कार घेतल्याशिवाय बुवा जागचे हलत नाहीत. त्या रांगेत मीही कितीदा उभी राहिलेय. माझ्यासाठी ते थांबलेच ना?

दारातून हे हाका मारताहेत. इडली गरम करून आणवलीय म्हणे.

मी प्रत्येकाला वाकून हात जोडतेय.

आता कुणीतरी बाळ पायावर घातलंय. टाळू अजून भरलेली नाही.